अलेक्झांड्रिया: कैरोहून एका दिवसात उरकायचं की राहायचं?

बाई_कोल्हापूर

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिघं इजिप्तला निघालोय. मी, आमचे हे आणि सासूबाई. टूर कंपनीबरोबर. पिरॅमिड, लक्सॉर, आस्वान, नाईलमधली क्रूझ हे सगळं झालं की कार्यक्रमात शेवटी एक ओळ आहे: 'अलेक्झांड्रिया, पूर्ण दिवस'. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पहाटे कैरोहून बस, तीन तास रस्ता, एक खांब, एक भुयार, किल्ला बाहेरून, ग्रंथालय बाहेरून, मासळीचं जेवण आणि रात्री परत कैरो. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तिथं जुनं काही राहिलेलंच नाही, सगळं समुद्रात गेलं. लोक फोटोपुरते जातात."

आता माझं दुखणं सांगते. मी इतिहास शिकवून निवृत्त झाले. नवीन वर्ग आला की पोरांना टाउन हॉलच्या संग्रहालयात न्यायचे आणि ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली ती काशाची छोटी मूर्ती दाखवायचे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. हा पंचगंगेच्या काठी कसा आला असं विचारलं की एक तरी पोरगं हमखास म्हणायचं, "बाई, पुरात वाहून आला असंल." मग मी फळ्यावर नकाशा काढायचे. तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, तिथून गाड्यांवर कापड लादून भडोचला. खाली सोपारा, कल्याण. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यावर जहाजं तांबड्या समुद्रात बेरेनिकेला. तिथून उंटांवरून वाळवंट पार करून नाईल, नाईलमधून वाहत अलेक्झांड्रिया, आणि पुढं रोम. इतकी वर्षं खडूनं जे शहर काढलं ते मला आता बसच्या काचेतून दाखवणार म्हणतात.

तर माझा विचार असा की सहल कैरोत संपली की ग्रुप सोडायचा आणि आपले आपण तिथं दोन-तीन रात्री राहायचं. विचारायचंय ते हे: खरंच तिथं राहण्यासारखं काही आहे का? सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, गुडघे दुखतात, अंडंसुद्धा चालत नाही, आणि गुरुवार-एकादशीचे उपास परदेशातही मोडणार नाहीत असं त्यांनी आधीच जाहीर केलंय. त्यांचं निभेल का? ह्यांचं म्हणणं, एक दिवस पुरे, उगाच जीव घाबरा करू नको.

---

पुणे_टू_एनीव्हेअर

ताई, तुमच्या मिस्टरांशी सहमत. आम्ही दिवसभरात केलं आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही. लक्सॉरचं कर्नाक बघून आलेल्या माणसाला तो एकटा खांब दहा मिनिटांत पुरतो. ग्रंथालय छान आहे पण २००२ सालचं आहे, जुनं नव्हे. राहिला तो समुद्राकाठचा रस्ता, तर मरीन ड्राइव्ह बघितलाय ना तुम्ही? तोच, फक्त जास्त लांब आणि जास्त हॉर्न. सासूबाईंना घेऊन हॉटेल बदला, स्टेशनवर सामान ओढा, हे कशाला? त्या दोन रात्री आस्वानला वाढवा.

---

इंजिनरूम

बाई, नमस्कार. मी बोटीवर इंजिनीअर होतो, चीफ म्हणून उतरलो, आता रत्नागिरीत आंबे राखतो. अलेक्झांड्रियाच्या बंदरात कामानं पुष्कळदा गेलोय आणि निवृत्तीनंतर बायकोला घेऊन मुद्दाम राहून आलोय. वरच्या पुणेकरांचा राग नाही, पण ते बसमधून गेले म्हणून त्यांना मरीन ड्राइव्ह दिसला. हे शहर बंदर म्हणून बघायचं असतं. तसं बघितलं नाही तर खरंच काही दिसत नाही, तुमचा मॅनेजर खोटं बोलत नाहीये.

आधी समुद्रावरून सांगतो. आपल्या कोकणात येताना लांबूनच डोंगर दिसतात, किनारा ओळखता येतो. इथं तसलं काही नाही. जमीन सपाट, वाळूच्या रंगाची, अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही, आणि बंदराच्या तोंडाशी खडक. त्या काळच्या शिडाच्या जहाजानं काय करायचं? म्हणून तो दीपस्तंभ. इसवी सनापूर्वी २८० च्या सुमारास टॉलेमींनी, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या इथल्या ग्रीक राजांनी बांधला, शंभर मीटरच्या वर उंच. पुस्तकात त्याला 'जगातलं आश्चर्य' म्हणतात, माझ्यासारख्याला ती सरळ गरज वाटते. दिवसा धूर किंवा आरसा, रात्री जाळ. काहीतरी उभं दिसलं पाहिजे, बस्स.

आता जागा. अलेक्झांडरनं इ.स.पू. ३३१ मध्ये ही जागा धरली ती उगाच नव्हे. नाईलचा गाळ समुद्रातला प्रवाह पूर्वेकडे ढकलतो. नाईलच्या मुखांच्या पूर्वेला बंदर केलंत तर ते गाळानं भरलं म्हणून समजा. हे मुखांच्या पश्चिमेला आहे, म्हणून खोली टिकली. समोर फारोस नावाचं बेट, मागं मारियुत सरोवर, त्यातून कालव्यानं नाईलशी जोडणी. म्हणजे समुद्राचं बंदर पुढं आणि नदीचं बंदर मागं, मध्ये शहर. तुमचं तेरचं कापड आलं असेल ते मागच्या दारानं.

मग बेट आणि किनारा यांच्यामध्ये त्यांनी एक बांध घातला, सात स्टेडिया लांब, आपल्या हिशेबानं सव्वा किलोमीटरच्या आसपास. त्यानं एका बंदराची दोन झाली, पूर्वेचं आणि पश्चिमेचं. पुढच्या शतकांत बांधाच्या दोन्ही बाजूंना वाळू साचत गेली आणि बांधाची रुंद जमीन झाली. आज त्या जमिनीवर मन्शिया आणि अन्फूशीचे जुने मोहल्ले उभे आहेत. मन्शियाच्या चौकातून किल्ल्याकडे चालत जाल तेव्हा पायाखाली तोच बांध आहे. 'जुनं काही राहिलं नाही' म्हणणाऱ्याला हे दाखवता येत नाही, कारण याला तिकीट नाही आणि पाटी नाही.

आमच्या बोटी लागायच्या त्या पश्चिमेच्या बंदरात. क्रेन, कंटेनर, कापसाची गोदामं, धूळ. पूर्वेचं बंदर गोल, उथळ, आता मासेमारीच्या होड्यांचं. क्लिओपात्राचा राजवाडा होता तो भाग याच गोल पाण्याखाली आहे, भूकंपांनी आणि जमीन खचल्यानं बुडालेला. १९९० च्या दशकात पाणबुड्यांनी त्याचे नकाशे केले. तुम्हाला पाण्यात उतरायची गरज नाही. वर काढलेला टॉलेमी राजाचा एक प्रचंड पुतळा ग्रंथालयाच्या बाहेर उभा आहे आणि बाकीचे काही तुकडे कोम-अद-दिक्का या उत्खननाच्या जागेच्या आवारात मांडलेत.

किल्ला बाहेरून बघू नका. आत जा. दीपस्तंभाच्या जागेवरच आहे. १३०३ च्या मोठ्या भूकंपानं स्तंभ मोडला. इब्न बतूता, तोच जो पुढं आपल्या दौलताबादला येऊन गेला, त्यानं १३२६ ला बघितला तेव्हा एक बाजू ढासळलेली होती. १३४९ ला परत आला तर दारातून आत शिरायचीही सोय उरली नव्हती. मग १४७७ मध्ये सुलतान कायतबेनं त्याच पायावर किल्ला बांधायला घेतला, पडलेले दगड होतेच. भिंतीत तांबड्या ग्रॅनाइटचे खांब आडवे घातलेले दिसतील, ते जुने. हा ग्रॅनाइट आस्वानचा. तुम्ही आस्वानला त्याच्या खाणी बघून येणार आहात, तेव्हा डोळ्यांना ओळख पटेल.

आस्वानवरून आठवलं. तुम्ही मास्तरीण, म्हणून सांगतो. एराटोस्थेनिस इथल्या जुन्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. आस्वानला उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी दुपारी सूर्य थेट डोक्यावर, विहिरीच्या तळाशी ऊन पोचतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात काठीची सावली पडते, कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका. म्हणजे दोन गावांतल्या अंतराची पन्नासपट केली की पृथ्वीचा घेर. एवढंच. तुमच्या सहलीत ही दोन्ही गावं आहेत आणि कुठलाही गाइड हे सांगणार नाही.

खांबाबद्दल पुणेकर बरोबर. 'पॉम्पीचा खांब' म्हणतात, पॉम्पीचा त्याच्याशी संबंध नाही, डायोक्लीशन या रोमन बादशहासाठी उभारलेला, सुमारे २७ मीटर. दहा मिनिटं बास. मात्र तो उभा आहे ती जागा सेरापिस या देवाच्या देवळाची, मोठ्या ग्रंथालयाची शाखा तिथं होती. देऊळ इ.स. ३९१ च्या सुमारास पाडलं. ग्रंथालय एका रात्रीत जळालं असं आपण शिकलो, तुम्हीही शिकवलं असेल. खरं तर ते शेकडो वर्षं हळूहळू संपत गेलं, कधी आग, कधी पैसा नाही, कधी राजा नालायक.

कोम-अद-दिक्का मात्र चुकवलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. सगळे तिथलं छोटं रोमन नाट्यगृह बघून, संगमरवरी पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरतात. त्याच्या शेजारी बघा. पोलिश संशोधक १९६० पासून तिथं खणतायत आणि त्यांना ओळीनं वर्गखोल्या सापडल्या. वीसएक. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातल्या. तीन बाजूंना दगडी बाकं, आणि मधोमध उंच जागा शिक्षकाची. नीट बघा, किती पायऱ्या चढून मास्तर बसायचा ते. माझी बायको बालवाडी शिकवायची, ती तिथंच बसून राहिली, मला एकट्याला मोझेइक बघून यावं लागलं.

ग्रीको-रोमन संग्रहालय २००५ ला बंद झालं होतं ते २०२३ मध्ये उघडलं. जुने लेख वाचून लोक अजून ते यादीतून काढतात. नवीन ग्रंथालयातही आत जा, वाचनालयाची ती उतरती दालनं आहेतच, पण तळात एक संग्रहालय आहे. ही इमारत बांधायला पाया खणताना सापडलेलं एक मोझेइक तिथं आहे. एक कुत्रा, शेजारी उलटं पडलेलं भांडं, आणि 'मी नाही बुवा' असा त्या कुत्र्याचा चेहरा. दोन हजार वर्षांहून जुना. सासूबाईंना दाखवा.

आता मन्शिया, आणि इथं आपला मुंबईचा धागा आहे. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा दोन बंदरांत पैशाचा पूर आला. एक मुंबई, दुसरं अलेक्झांड्रिया. युद्ध संपल्यावर १८६५ ला मुंबईचं दिवाळं वाजलं, ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. इजिप्तची दुसरी गोष्ट झाली. कर्ज वाढत गेलं, सावकार आले, मागून आरमार आलं. ११ जुलै १८८२ ला ब्रिटिश युद्धनौकांनी शहरावर तोफा डागल्या, मन्शिया जळून गेला. आज तिथं इटालियन थाटाच्या जुन्या इमारती दिसतात त्या बहुतेक त्यानंतरच्या. त्याच चौकात इजिप्तचा अध्यक्ष नासर यानं २६ जुलै १९५६ ला सुएझ कालवा ताब्यात घेतल्याचं भाषण केलं. भाषणात 'द लेसेप्स' हे कालवा खणणाऱ्या फ्रेंच माणसाचं नाव उच्चारलं की कालव्यावरच्या माणसांनी कचेऱ्यांत शिरायचं, असा संकेत ठरला होता. त्याच्या चार वर्षं आधी त्याच तारखेला राजा फारुख गादी सोडून रास-अत-तीन राजवाड्याच्या धक्क्यावरून 'महरूसा' बोटीनं इटलीला गेला होता. ही महरूसा १८६५ सालची, पॅडलची होती, १९०५ ला तिच्यात टर्बाइन बसवली, आणि अजून तरंगते! इजिप्तच्या नौदलाकडे आहे. मला ती लांबून एकदा दिसली आणि मी बायकोला तिच्याबद्दल इतकं सांगितलं की तिनं शेवटी आइस्क्रीम मागवलं.

राहायचं तर महत्तात-अर-रम्ल या ट्राम स्टेशनच्या आसपास, समुद्राजवळ. तिथून ग्रंथालय, संग्रहालय, मन्शिया, कोम-अद-दिक्का सगळं हाताशी. काळी-पिवळी टॅक्सी करा, बसायच्या आधी भाडं ठरवा. घोडागाडीवाला 'तुम्हाला वाटेल ते द्या' म्हणाला तर बसू नका. ट्रामवर विसंबू नका, रम्लच्या ट्रामचं नूतनीकरणाचं मोठं काम काढलंय, तिथं पोचल्यावर हॉटेलात विचारा.

दोन नव्हे, तीन रात्री.

---

बाई_कोल्हापूर

चीफसाहेब, प्रिंट काढून ह्यांच्या हातात दिली. वाचून झाल्यावर म्हणाले, "त्या बोटीचा फोटो मिळतो का बघ." म्हणजे निम्मं काम झालं.

आता सासूबाईंचं सांगा कुणीतरी. भुयार त्यांना झेपेल? आणि जेवणाचं काय? टूरवाला 'जैन फूड अव्हेलेबल' म्हणाला होता पण ते त्यांच्या बसमध्ये. आम्ही ग्रुप सोडल्यावर आमचे आम्हीच.

---

कैरोची_सून

मी इथलीच, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे कैरोत. अलेक्झांड्रियाला आम्ही उन्हाळ्यात सगळ्या कैरोबरोबर जातो, गर्दीत. जानेवारी फार बरा.

काकू, शाकाहाराची काळजी करू नका, पण 'व्हेजिटेरियन' म्हणू नका. त्याचा अर्थ इथं पुष्कळांना 'लाल मांस नको' एवढाच लागतो आणि मग चिकन येतं. 'सियामी' म्हणा. इथले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले कितीतरी दिवस उपास धरतात, मांस, दूध, अंडं काही नाही, तेव्हा सियामी जेवण म्हणजे काय हे गल्लीतल्या टपरीवाल्यालाही नीट कळतं. त्यांच्या काही उपासांत मासे चालतात, म्हणून जोडीला 'मिन गेर समक', मासे नकोत, एवढं बोला. ७ जानेवारीला त्यांचा नाताळ असतो, त्याच्या आधीचे दिवस उपासाचे. तुम्ही अगदी वेळेवर येताय.

सकाळी फूल. बाकल्याच्या मोठ्या दाण्यांची, रात्रभर मंद आचेवर शिजलेली उसळ, वर तेल, लिंबू, जिरं. अलेक्झांड्रियात त्यात टोमॅटो-कांदाही घालतात. बरोबर फलाफल, इथं ती हरभऱ्याची नसते, बाकल्याची, आतून हिरवीगार. दुपारी कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि तळलेला कांदा. पोट इतकं भरतं की रात्रीचं जेवण टळतं. बिसारा मिळाला तर घ्याच, डाळ आणि कोथिंबीर-शेपूचं दाट पिठलंवजा काहीतरी. भाकरीच्या जागी ऐश बलदी, कोंड्याची गोल रोटी, गरम असताना खायची.

पण दोन ठिकाणी जपा. मुलुखिया ही पालेभाजी बघून मन जाईल, ती बहुतेक वेळा कोंबडीच्या सुपात शिजवलेली असते. आणि शेवया घातलेला भातही कधी कधी तसाच. मसाका म्हणजे वांगं, त्यात खिमा आहे का विचारून घ्या. तिखट कुठंच नाही. लसणाची चटणी डब्यात भरून आणा, तुम्ही कोल्हापूरच्या, तुम्हाला हे सांगायला नको.

उपासाला तर मजाच आहे. हिवाळ्यात रस्त्यात हातगाड्या असतात, त्यावर लोखंडी भट्टी, आणि आत अख्खी रताळी भाजत असतात. 'बताता' म्हणतात, बटाटा नव्हे, रताळंच. कागदात गुंडाळून देतात. शिवाय खजूर, पेरू, संत्री. सासूबाईंच्या एकादशीचं मी बघते म्हणायची वेळ येणार नाही.

आणि कुणी 'हिंदी?' विचारून 'अमिताभ बच्चन!' म्हणून ओरडलं तर घाबरू नका. वय झालेले दुकानदार गाणंही म्हणून दाखवतात.

---

माण_खटाव

मध्येच बोलतो, विषय थोडा बाजूचा आहे पण तीन रात्री राहणार असाल तर.

अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या थोडं पुढं अल-अलामीन. दुसऱ्या महायुद्धातली १९४२ ची लढाई. आमच्या सातारा जिल्ह्यात जुन्या घरांतून फेटेवाल्या जवानांचे फोटो टांगलेले असतात, त्यातल्या कितीकांची 'आफ्रिका' म्हणजे हीच. माझे चुलत आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीत होते. ती पलटण जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला होती, तोब्रुक पडलं तेव्हा बहुतेक सगळे कैद झाले. आजोबा इटलीच्या छावणीतून परत आले, त्यांचा एक सोबती आला नाही. आजोबा त्याचं नाव घ्यायचे, गाव माहीत नव्हतं.

अलामीनला युद्ध स्मशानभूमी आहे, सात हजारांहून जास्त थडगी. आपल्याकडचे लोक थडग्यांच्या रांगा बघून परत येतात, कारण तिथं हिंदू नावं फारशी सापडत नाहीत. आग्नेय कोपऱ्यात जा. ज्यांना त्यांच्या धर्माप्रमाणे दहन दिलं अशा सहाशेहून अधिक जवानांचं स्मारक तिथं वेगळं आहे. आणि ज्यांचा देह मिळालाच नाही त्यांची नावं प्रवेशाच्या इमारतीतल्या फरशांवर.

जाण्याआधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वेबसाइटवर नाव शोधा. स्पेलिंग ब्रिटिश कारकुनानं ऐकलं तसं असतं, रेजिमेंटचं नावही 'मऱ्हाटा' वळणानं. पण पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, जिल्हा दिलेला असतो. मी आजोबांच्या सोबत्याचं गाव तसंच शोधलं. आमच्यापासून चौदा मैलांवर निघालं.

वाटेत समुद्राकाठी नवीन अलामीनचे उंच टॉवर लागतात, ते बघून बिचकू नका, जुनं अलामीन वेगळं आहे. गाडी दिवसभराची ठरवा, तिथून परतीची टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका.

---

पुणे_टू_एनीव्हेअर

बरं, वर्गखोल्या आम्ही बघितल्या नव्हत्या. गाइडनं दाखवल्याच नाहीत. खांबाबद्दल मात्र मी ठाम आहे.

---

इंजिनरूम

खांब तुमचा, पुणेकर. लखलाभ.

बाई, भुयाराचं. कोम-अश-शुकाफा. १९०० साली एक गाढव खड्ड्यात पडलं आणि ते सापडलं असं सांगतात. मधल्या विहिरीभोवती गोल जिना आहे, ९९ पायऱ्या. विहिरीतून दोरानं प्रेत खाली सोडायचे, माणसं जिन्यानं. सासूबाईंना नेऊ नका, उतरणं सोपं वाटतं, चढताना गुडघा बोलतो. त्यांना वर आवारात बाकावर बसवा आणि तुम्ही दोघं आळीपाळीनं उतरा. बघायचं ते हे: पहिल्या मजल्यावर नातेवाइकांनी पुण्यतिथीला येऊन जेवायची खोली, तीन बाजूंना दगडी कट्टे. आणि थडग्याच्या दाराशी कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, अंगात चिलखत, रोमन शिपायाच्या वेशात. देव इजिप्तचा, गणवेश रोमचा, दारावर ग्रीकांची मेडुसा. तळाला पूर्वी पाणी साचायचं, २०१९ मध्ये ते उपसायची कायमची व्यवस्था झाली.

त्याऐवजी सासूबाईंना दुपारी मुंतझाच्या बागेत न्या, सपाट रस्ता, झाडं, समुद्र. आणि एका सकाळी तुम्ही दोघं लवकर उठून अन्फूशीच्या मासळी बाजारात जा. शाकाहारी असलात तरी जा. लिलाव चालतो, बर्फ, आरडाओरडा. त्यातला 'बूरी' म्हणजे आपली बोय. मी कोंड्यात भाजलेली खाल्ली, काटे काढत एक तास बसलो होतो, बायको म्हणाली आता बोट सुटेल. बाजाराच्या आसपास लाकडी बोटी बांधणारेही दिसतील, आमच्या साखरतरला बांधायचे तशा.

आता हवा. इथंच लोक फसतात. इजिप्त म्हणजे ऊन असं समजून सुती कपडे आणतात. अलेक्झांड्रियाला हिवाळ्यात पाऊस पडतो, आणि वादळं येतात. कोळ्यांनी त्यांना नावं देऊन तारखा ठरवून ठेवल्यात, त्यांना नव्वा म्हणतात. नोव्हेंबरात मक्नसा, डिसेंबरात कासिम, वर्षाच्या सुरुवातीला एक, आणि १२ जानेवारीच्या आसपास 'मोठी फैदा'. तारखा एक-दोन दिवस इकडंतिकडं होतात, पण हवामान खात्यानं सांगण्याआधी टॅक्सीवाला सांगतो. नव्व्याच्या दिवशी बंदर बंद ठेवतात, आम्हीही बाहेर नांगर टाकून डोलत बसलोय. लाटा कठड्यावरून रस्त्यावर येतात. त्या दिवशी संग्रहालय आणि ग्रंथालय ठेवा, किल्ला दुसऱ्या दिवशी. म्हणून तीन रात्री म्हणालो, एक वादळात गेली तरी दोन उरतात. अलामीनलाही कोरड्या दिवशीच जा.

समुद्राकडची खोली मागाल तर खिडकी नीट बंद होते का ते आधी बघा, मग सामान उघडा.

कैरोहून रेल्वेनं या. १८५६ पासून ही लाइन चालू आहे. कालवा होण्याआधी मुंबईहून विलायतेला जाणारी माणसं आणि टपाल सुएझला उतरून याच रुळांवरून अलेक्झांड्रियाला यायची आणि इथून पुढची बोट धरायची. एसीचं तिकीट आधी काढा. अडीच-तीन तास. गाडी आधी सीदी गाबेरला थांबते, अर्धा डबा तिथं उतरतो, तुम्ही उतरू नका. शेवटचं स्टेशन महत्तात मस्र, तुमचं हॉटेल रम्लजवळ असेल तर तिथून टॅक्सीनं जवळ.

छत्री आणू नका, पहिल्याच झोतात उलटी होते. टोपीचा रेनकोट आणा, तिघांना.

---

बाई_कोल्हापूर

तीन रात्री ठरल्या. हॉटेलला खिडकीचं विचारून मेल टाकलाय. टूरवाला त्या 'पूर्ण दिवसा'चे पैसे परत देणार नाही म्हणतो, ते त्याला लखलाभ. सासूबाईंनी फक्त रताळ्याचं ऐकलं आणि बॅगेत भगर भरायची थांबवली. चटणीचं वजन मात्र दोन किलोंवर गेलंय, कस्टममध्ये काय सांगायचं ते कुणीतरी सुचवा.